सलगर सरांची मेंढरवाट

सलगर सरांच्या शोकसभेत प्राचार्यांनी त्यांना पशुसंवर्धनाचे तज्ज्ञ म्हटलं. मागून कुणीतरी ‘इतिहास, इतिहास’ असं पुटपुटलं. प्राचार्यांनी चष्मा सारखा केला आणि ‘पशुसंवर्धनाच्या इतिहासाचे तज्ज्ञ’ अशी दुरुस्ती केली. सर असते तर तिथंच उभे राहिले असते. जिवंतपणी त्यांनी प्राचार्यांचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच प्राचार्य शेवटपर्यंत बोलले आणि बरेच लांबले.

नंतर एकेक जण उठला. प्रखर अभ्यासक, मातीशी नाळ जोडलेला माणूस, कॉलेजचं भूषण. हे म्हणणाऱ्यांतले निम्मे जण, सर स्टाफरूममध्ये शिरले की, तोंडाशी पेपर धरून हळूच ‘ब्यॅऽ’ करायचे. सरांना ते ऐकू यायचं. ते शांतपणे आपल्या खुर्चीवर बसायचे आणि म्हणायचे, “हा आवाज बोकडाचा आहे. मेंढा असा ओरडत नाही. नक्कल करायची तर नीट करा.”

प्रा. डॉ. म्हाळाप्पा सलगर लातूरच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवत. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि त्यांच्याच कॉलनीत राहतो, म्हणून त्यांच्या तावडीतून मला ना कॉलेजात सुटका होती ना घरी. त्यांचा विषय एकच: धनगरांची मेंढरं वर्षानुवर्षं ज्या वाटांनी चालत गेली त्या वाटा. दसरा झाला, औसा-रेणापूरकडच्या माळावरचं गवत सरत आलं, की माणसं घोडीवर बिऱ्हाड लादायची आणि कळप घेऊन नांदेडकडं, गोदाकाठच्या काळ्या रानात उतरायची. काही थेट किनवटच्या जंगलापर्यंत जायची. पावसाच्या तोंडावर परत. वाटेत शेतकरी त्यांची चातकासारखी वाट पाहायचे, कारण मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंड्या-मुताचं खत आयतं मिळायचं. त्याबदल्यात धनगराला ज्वारी. निजामाच्या काळात ह्या वाटा नेमक्या कुठून जात, चराईचा कर कुठं घेत, कुठल्या विहिरीवर मेंढरांना पाणी मोफत होतं, ह्यावर सरांनी एवढा जाड प्रबंध लिहिला होता की त्यांची धाकटी मुलगी लहानपणी त्यावर बसून जेवायची.

सरांचे वडील त्याच वाटेनं आयुष्यभर चालले होते. सर मात्र लहानपणीच वसतिगृहात घातले गेले, आणि त्याला कारण शिक्षणाची ओढ वगैरे काही नव्हतं. मेंढरू जवळ आलं की त्यांना शिंका यायच्या. एक-दोन नव्हे, माळच लागायची. डोळे सुजायचे. बापानं वैतागून सांगितलं होतं, “हे पोरगं मेंढरामागं चालणार न्हाई. ह्याला मास्तर करा.” अशा रीतीनं मराठवाड्याला मेंढरवाटांचा इतिहासकार मिळाला. पुढं त्यांनी सगळ्या वाटा जीपमधून अभ्यासल्या, काचा वर करून.

ह्या विद्वत्तेचा त्रास असा की लातूर शहरातली कुठलीही इमारत सरांच्या मते वाटेतच उभी होती. बसस्टँड, दवाखाना, मंगल कार्यालय, सगळं. आमच्या उपप्राचार्यांच्या मुलीचं लग्न औसा रोडवरच्या नव्या कार्यालयात होतं. एसी, कारंजं, दारात फेटे बांधणारा माणूस. सरांनी अक्षता टाकल्या, जेवले आणि हात पुसत उपप्राचार्यांकडं गेले.

“कार्यालय झकास आहे,” सर म्हणाले. “पण जागा माहीत आहे ना कसली आहे?”

उपप्राचार्य घाबरले. त्यांना वाटलं, अतिक्रमणात आहे की काय. “कसली?”

“मेंढरं बसायची इथं. मुक्कामाची जागा. तुमचा बोहला आहे ना, बरोबर तिथं लेंड्यांचा हा एवढा ढीग पडायचा.” सरांनी कमरेपर्यंत हात दाखवला. “अतिशय शुभ जागा आहे.”

शेजारी वरमाय उभी होती. तिनं नाकाला पदर लावला. उपप्राचार्यांनी पुढं कितीतरी दिवस सरांशी बोलणं टाकलं. सरांना कळेना काय चुकलं. “अरे, मी आशीर्वाद दिला,” ते मला म्हणायचे. “ज्या जमिनीवर कळप बसला ती पिकते. ह्या लोकांना स्वतःच्या शेताचा वाससुद्धा आवडत नाही.”

पेपर तपासायला आम्ही दोघं लातूरहून एसटीनं नांदेडला जायचो. चाकूर मागं पडेपर्यंत मी झोपेचं सोंग घ्यायचो. उपयोग नसायचा. सर कोपरानं ढोसायचे. “कांबळे, उठा. ही विहीर गेली बघा.” विहीर गेलेली असायची खरी, तिथं पेट्रोल पंप असायचा. लोह्याच्या अलीकडं माळेगावच्या जत्रेचा फाटा दिसला की ते उभेच राहायचे आणि सगळ्या बसला सांगायचे, की ह्या जत्रेत घोडी विकत घ्यायची आणि ती चाल धरते का हे पाहायला इथूनच पुढं हाकायची. एकदा कंडक्टर म्हणाला, “साहेब, खाली बसा. तुमची घोडी कुठं उतरायची हाय?” बस हसली. सरही हसले. त्यांना वाटलं, कंडक्टरला विषयात रस आहे.

मूल्यांकन समिती येणार म्हणून आमच्या कॉलेजला एका वर्षी ताप भरला होता. भिंती रंगवल्या, मुतारीला दारं बसवली, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ विद्यार्थ्यांकडून पुसून घेतली आणि त्याला ‘वाचन प्रेरणा उपक्रम’ नाव दिलं. प्रत्येक विभागानं काहीतरी वेगळं दाखवायचं होतं. सर म्हणाले, “इतिहास विभाग जिवंत इतिहास दाखवेल.” प्राचार्यांना वाटलं, पोस्टर असेल.

सरांचा चुलतभाऊ बिराप्पा अजून कळप घेऊन फिरत होता. सरांनी त्याला सांगितलं होतं की वाटेनं जाताना कॉलेजच्या मैदानावर तासभर थांब. समितीतले तिघं पाहुणे जिन्यावरून उतरत होते, मुली औक्षणाची ताटं घेऊन उभ्या होत्या, आणि फाटकातून कळप आत आला. आधी घोडी, तिच्यावर खाट, खाटेवर कोंबड्या. मागं मेंढरांचा लोंढा. सर खांद्यावर घोंगडी टाकून, नाकाला रुमाल बांधून पुढं झाले आणि इंग्रजीत बोलू लागले. तिसऱ्या वाक्याला पहिली शिंक आली. त्यानंतरचं भाषण शिंकांमधूनच झालं. तेवढ्या वेळात मेंढरांनी वनस्पतिशास्त्र विभागाची औषधी बाग मुळापासून साफ केली, फुलांची रांगोळी खाल्ली, आणि एका धीट मेंढ्यानं औक्षणाच्या ताटातला पेढा उचलला.

“बिरा, आवर त्यांना!” सर ओरडले.

“दादा, तुमीच म्हनलाव न्हव का, जसं हाय तसं दाखव,” बिराप्पा म्हणाला. “असंच हाय बगा.”

प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण समितीचे अध्यक्ष दूरच्या कुठल्यातरी राज्यातले होते. त्यांना ते सगळं फारच आवडलं. त्यांनी बिराप्पाची बायको सखुबाई हिच्या हातातलं कोकरू मांडीवर घेऊन फोटो काढला. अहवालात ‘स्थानिक समाजाशी दृढ संबंध’ असं कौतुक आलं. ते वाचून प्राचार्यांनी वर्तमानपत्रात सांगितलं की ही कल्पना मूळची त्यांची. सरांना बागेच्या नुकसानीबद्दल मेमो मिळाला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचं आमच्या कॉलनीत घडलं.

आमची कॉलनी औसा रोडला, चौपदरी रस्त्याला लागून. डॉक्टर, प्राध्यापक, आणि ज्यांच्या क्लासमध्ये अख्ख्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला येतात ते क्लासवाले. सरांचा बंगला सगळ्यांत कडेला. त्याच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला ओढा आणि शेतं. कॉलनी आणि सरांचं कंपाउंड ह्यांच्यामध्ये एक बोळ होता. दिवाळी झाली की बिराप्पाचा कळप रस्त्यावरून त्या बोळात शिरायचा आणि ओढ्याकडं उतरून पुढं जायचा. सरांनी हा प्लॉट त्या बोळासाठीच घेतला होता. त्यांचे वडील तिथं कळप बसवायचे. कळप यायच्या दिवशी सर कॉलेजला रजा टाकून गच्चीवर उभे राहायचे. उंचावर शिंका जरा कमी येतात, असं त्यांचं संशोधन होतं.

कॉलनीच्या सेक्रेटरींचे तीन मजली क्लासेस होते. त्यांनी बैठक बोलावली. बोळ बंद करून भिंत घालायची. वास येतो, माश्या येतात, गाड्यांवर ओरखडे पडतात, शिवाय पोरांच्या अभ्यासात व्यत्यय.

सर उठले. निजामापासून सुरुवात केली. सेक्रेटरींनी हात वर करून थांबवलं.

“सर, इतिहास वर्गात. इथं व्यवहाराचं बोलू. तुमच्या लोकांची जनावरं आहेत म्हणून तुम्हाला वाटणारच.”

‘तुमच्या लोकांची’ ह्या शब्दांनी सुरू झालेलं वाक्य कुठं जाऊन थांबतं हे मला घरातूनच ठाऊक होतं. मी म्हणालो, “सेक्रेटरीसाहेब, मेंढरांचा कळप वर्षातून दोनदा जातो. तुमच्या क्लासचा रोज दोनदा सुटतो, आणि बोळातच लघवीला थांबतो.”

लोक हसले आणि ठराव मंजूर झाला. आमच्याकडं ही दोन्ही कामं एकदमच होतात.

सरांनी सगळीकडं अर्ज केले. महापालिकेत, तहसीलला, पोलिसांत. प्रत्येक अर्जाला प्रबंधाचं एक प्रकरण जोडलं. महापालिकेतल्या साहेबानं शांतपणे विचारलं, “ह्या वाटेचा सातबारा आहे का?” नव्हता. वाटेला सातबारा नसतो हे सरांनी त्याला बराच वेळ समजावलं. साहेबानं मान डोलावली आणि भिंत झाली.

दिवाळीनंतर दुपारच्या उन्हात बिराप्पाचा कळप आला आणि भिंतीशी अडला. मागची मेंढरं पुढच्यांवर चढू लागली, कळप मागं फुटून रस्त्यावर पसरला. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या. हॉर्न सुरू झाले. सखुबाई घोडीची दोरी एका हातात धरून, पाठीला बांधलेल्या पाटीत कोकरं घेऊन मधोमध उभी. एका जीपवाल्यानं वाट काढायला म्हणून गाडी पुढं रेटली, आणि एक गाभण मेंढी चाकाखाली आली.

आम्ही सगळे गॅलरीत होतो. कॉलनीतल्यांनी मोबाइल काढले. सर पायजमा-बनियनवर खाली धावले. मेंढी अजून पाय झाडत होती. सखुबाई तिच्यापाशी बसली आणि जीपवाल्याकडं पाहून तिनं ज्या शिव्या दिल्या त्या आमच्या कॉलनीच्या इतिहासात प्रथमच उच्चारल्या गेल्या असाव्यात. पलीकडं गटाराचं काम करणारा जेसीबी उभा होता. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“ती भिंत पाड.”

ऑपरेटरनं कॉलनीच्या नव्या भिंतीकडं पाहिलं. “सोसायटीची? न्हाई बा. पोलीस धरून नेतील.”

“ती नव्हे. ही. माझी.” सरांनी स्वतःच्या बंगल्याचं कंपाउंड दाखवलं. “रस्त्याकडची पाड, आतून जा, आणि ओढ्याकडची पाड.”

“मालक कुठं हायत?”

“मीच मालक.”

“आन् घर राहतंय ना तुमचं हितं? वाट लागंल की सगळी.”

“तेच पाहिजे,” सर म्हणाले. “वाट लागली पाहिजे.”

आवाज ऐकून शैलावहिनी बाहेर आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आवाज वर्गाबाहेरही ऐकू जाणारा. “अहो, वेड लागलंय का? भिंतीला हात लावायचा नाही!”

“भिंत माझ्या पगारातली आहे, शैला.”

“आणि फाटक माझ्या पगारातलं आहे! त्याला ओरखडा आला तर बघा!”

सर थबकले. मग ऑपरेटरला म्हणाले, “फाटक सोडून पाड.”

तसंच झालं. दोन्हीकडच्या भिंती आडव्या झाल्या, फाटक दोन खांबांसकट उभं राहिलं. बिराप्पानं शीळ घातली आणि कळप विटांवरून, गुलाबाच्या कुंड्यांवरून, तुळशीला वळसा घालून सरांच्या अंगणातून ओढ्याकडं उतरला. सर मधे उभे राहून हात पसरून मेंढरांना दिशा देत होते. शिंकून शिंकून त्यांना धाप लागली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पाणी सगळंच शिंकांचं होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. शैलावहिनी पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्या आत गेल्या, आणि सखुबाईला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. नवऱ्याला दिला नाही.

भिंत पुन्हा बांधली गेली नाही. दोन्ही बाजू मोकळ्या असताना सर मात्र रोज सकाळी फाटकाचं कुलूप काढून, फाटकातूनच बाहेर पडायचे. “तुमच्या वहिनींचा मान,” मला म्हणायचे. लोकांनी त्यांच्या अंगणातून स्कूटरी घालायला सुरुवात केली, क्लासची पोरं तिथून ये-जा करू लागली. सेक्रेटरींची गाडीसुद्धा एकदा त्या अंगणातून गेली. सर गच्चीवरून म्हणाले, “या, या. निजामालासुद्धा अडवलं नव्हतं.”

पुढच्या दिवाळीला सरांनी ओढ्याच्या बाजूला पाण्याची मोठी टाकी बांधून घेतली, मेंढरांना पिता येईल अशी. वाट पाहिली. कळप आला नाही. त्यांना वाटलं, उशीर झाला असेल. थंडी पडली तरी आला नाही. फोन लागेना. शेवटी त्यांनी मला मोटारसायकलवर बसवून औशाकडच्या बिराप्पाच्या गावी नेलं.

बिराप्पा घरी नव्हता. सखुबाई भिंतीला टेकून तंबाखू मळत होती. तिनं सरांना पाणी दिलं.

“बिरा कुठं?”

“किनवटला. मेंढरापाशी.”

“कधी गेला? कुठल्या वाटेनं?”

“टरकानं.”

सरांना ऐकू आलं, पण कळलं नाही. “ट्रकनं?”

“हाव. सांजच्याला भरली, सकाळच्याला किनवट. मी बी जानार हाय दुसऱ्या टरकानं, गाभन्या घेऊन.”

“अगं, पण वाट? मी भिंत पाडली…”

सखुबाईनं तंबाखूची चिमूट ओठात धरली. ती हसली नाही, पण लपवलंही नाही. “भाऊजी, तुमी भिंत पाडलाव, लई उपकार. पर तुमच्या घराच्या म्होरं काय? म्होरं ऊस हाय, तारा हायत, सोलरवाल्याचं कुंपन हाय. किती लोकायच्या भिती पाडचाल? आन् माझे गुडघे तुमच्या पुस्तकात हायत का?”

परत कॉलनीत शिरताना सर म्हणाले, “प्रबंधात बायकांचं प्रकरण नाही, कांबळे.” मी म्हणालो, “घाला आता.” ते म्हणाले, “विद्यापीठानं पदवी देऊन टाकली हो.” आणि खूप वेळ हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

पुढं ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना मेंढीची छोटी मूर्ती दिली. ती बकरीची निघाली. छातीला त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी जनावरांपासून दूर राहायला सांगितलं. सरांनी डॉक्टरांना त्यांचा दवाखाना कशावर उभा आहे ते सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अहमदपूरला. मी नांदेडला निघालो होतो, बस चहाला थांबली होती. हॉटेलसमोर मेंढरांनी भरलेला ट्रक उभा होता, आडव्या फळ्या टाकून केलेले दोन मजले, फटीफटींतून तोंडं बाहेर. खाली एक माणूस बादलीनं त्या तोंडांना पाणी पाजत होता. धोतर नव्हे, पँटच. वर कॉलेजनं निरोपाला दिलेला सदरा. तोंडावर ओला पंचा बांधलेला.

“सर!”

त्यांनी वळून पाहिलं. पंचा खाली केला. चेहरा सुजलेला होता, पण खुशीत होते.

“कांबळे! चहा घ्या. सखू, ह्यांना चहा सांग.”

“डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे ना? वहिनींना ठाऊक आहे?”

“तिनंच डबा दिलाय. म्हणाली, एकदाचे जाऊन या, म्हणजे घरात बोलणं बंद होईल.” त्यांनी पुढच्या मेंढीच्या तोंडाशी बादली नेली. ती पीत असताना ते तिच्याकडंच पाहत राहिले. “किनवटपर्यंत माझा बाप जायचा. मी कधी गेलोच नव्हतो, कांबळे. जीपसुद्धा मुदखेडच्या पुढं नेली नव्हती.”

हे त्यांनी आयुष्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. आमचा चहा संपायच्या आत ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सर केबिनच्या पायरीवर एक पाय ठेवून लटकले. वर चढता येईना. दम लागला. दोनदा प्रयत्न केला, खाली आले.

मी पुढं होणार तोच सखुबाईनं चहाचा कप ठेवला, पदर खोचला, अडलेल्या मेंढीला लावावा तसा त्यांच्या पाठीला खांदा लावला आणि “चला, हुर्रर्र” म्हणून त्यांना वर ढकललं. मग स्वतः चढली आणि दार ओढून घेतलं.

हॉटेलवाला गल्ल्यावरून पाहत होता. “कोन हायत हे म्हातारबाबा?”

“इतिहासाचे प्राध्यापक आहेत.”

“अस्सं,” तो म्हणाला. “मला वाटलं, धनगर हायत.”

ट्रक नांदेडच्या दिशेनं निघाला होता. हे ऐकायला सर हवे होते. मी ट्रकमागं काही पावलं पळालोसुद्धा, पण मेंढरांच्या ओरडण्यात माझी हाक त्यांना ऐकू गेली नाही.